खुर्चीवाला जिथे थांबतो, त्याच्या पुढे

आधीच सांगून टाकते, भुताखेतांची थट्टा करणाऱ्यांतली मी आहे. सेलूच्या एका शाळेत एकवीस वर्षं विज्ञान शिकवते. दरवर्षी आठवीच्या वर्गात लिंबातून रक्त काढून दाखवते, जिभेवर पेटता कापूर ठेवते आणि मग त्यामागची युक्ती मुलांना फोडून सांगते. आमच्याकडे भानामतीच्या गोष्टी ऐकतच पोरं मोठी होतात, त्यामुळे हा तास माझा सगळ्यात आवडता. अनाकलनीय अनुभवांच्या या सदरात लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कोणी म्हणालं असतं, तर मी त्यालाही त्या लिंबासारखं कापलं असतं.

तरी लिहितेय. कारण मी गोंधळले आहे... आणि हा गोंधळ शाळेत कोणाला सांगायची सोय नाही. माझ्या गोष्टीत स्मशान नाही, अमावास्या नाही, पांढरी साडी नाही. सगळं घडलं ते दिवसाढवळ्या, चहाच्या वेळेला, आमच्या पुढच्या खोलीत. आणि घडलं ते जॅझ नावाच्या परदेशी संगीतामुळे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील, आण्णा. आई जाऊन नऊ वर्षं झाली. लग्न मी केलं नाही (का, ते इथे विचारू नये). धाकटा भाऊ सुधीर पुण्यात, कॉम्प्युटरवाला.

आण्णा मूळचे चारठाण्याचे, पण उभी हयात सेलूच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेली. कापसातली सरकी काढणारी यंत्रं एका ओळीत, त्या सगळ्यांना फिरवणारा एक लांबच लांब शाफ्ट, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत शेडमध्ये असा गोंगाट की माणसं खुणांनी बोलत. त्या गोंगाटात आण्णांचं काम होतं ऐकणं. त्यांच्याकडे बाभळीचा हातभर लांब, गुळगुळीत झालेला दांडा होता. त्याचं एक टोक फिरत्या बेअरिंगच्या डब्यावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. चार नंबरचं बेअरिंग आठ दिवसांत जाईल म्हणाले की ते जायचंच. मालक त्यांच्याशी अदबीनं बोलायचा, एवढं मला लहानपणापासून आठवतं.

त्यांचा एक नियम होता. बिघाड ऐकू आला तरी त्या दिवशी तोंडातून शब्द काढायचा नाही. तीन दिवस, त्याच वेळेला, त्याच जागी दांडा लावून ऐकायचं. तिन्ही दिवस तेच ऐकू आलं तरच सांगायचं. कारण फिटरनं सांगितलं की मशीन बंद करावं लागतं, आणि ऐन सीझनमध्ये मशीन बंद म्हणजे फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. "एका दिवसाचं ऐकणं म्हंजे संशय हाय," ते म्हणायचे. "उगं संशयावर कुणाचं काम बंद पाडू न्हाई."

ज्या गोंगाटात कान कमावला, त्यानंच तो खाल्ला. दोन वर्षांपूर्वी परभणीच्या कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. वरच्या पट्टीतले आवाज पार गेलेले, अगदी खालचे थोडे शिल्लक. बायकांचे आवाज, पाखरं, कुकरची शिट्टी, काही नाही. रेल्वेची शिट्टी कळायची नाही, पण मालगाडी आली की तळपायाला कळायची. कानाचं यंत्र आणलं तर ते भलतंच कुंई कुंई करायचं. ते ऐकू यायचं मला, आण्णांना नाही! शेवटी ते डबीत गेलं. मला काही सांगायचं असलं की मी शाळेतली पाटी घ्यायचे आणि खडूनं लिहायचे.

आणि माणूस बोलायचा बंद होत गेला. पूर्वी जेवताना जिनिंगमधले किस्से सांगून हैराण करायचे. आता भाकरी मोडून खाल्ली, ताट सरकवलं, संपलं. मी शाळेतून यायचे तेव्हा भिंतीकडे बघत बसलेले असायचे. मला त्याची भीती वाटायची. घरात बाप असून घर रिकामं वाटणं फार वाईट असतं.

डॉक्टर म्हणाले होते, खालच्या पट्टीतलं काहीतरी ऐकवत जा, मेंदूला सवय राहते. मी कामाला लागले. गल्लीतल्या मंडपवाल्याकडे लाकडी खोक्याचा जुना स्पीकर धूळ खात पडला होता, तो मागून आणला आणि मोबाईलला जोडला. पखवाज लावला, ढोल लावला, नुसता डग्गा लावला. आण्णांनी स्पीकरवर दांडा टेकवून ऐकलं आणि म्हणाले, "नुसतं ठोकायलेत. चाल कुठंय ह्याच्यात?"

खरंच होतं ते. चाल हवी, पण खोल हवी. मग मी मोबाईलवर शोधत बसले, आणि शोधता शोधता परदेशी संगीतवेड्यांच्या एका मंचावर जाऊन पोचले. तिथे एका निवृत्त गृहस्थानं भली मोठी यादी दिली होती. कसली? तर ज्यात डबल बेस हे वाद्य मागे न राहता पुढे येतं अशा जॅझ अल्बमची. डबल बेस मी जन्मात पाहिलं नव्हतं. माणसाहून उंच व्हायोलिन, वाजवणारा त्याला मिठी मारून उभा. त्या गृहस्थानं लिहिलं होतं की हे वाद्य एरवी बाकीच्यांची चाल सांभाळतं, कोणी त्याच्याकडे लक्ष देत नाही, पण ते गप्प झालं की सगळ्यांचे पाय लटपटतात. मला हे वाचून उगीच आमच्या आईची आठवण आली.

पहिला अल्बम लावला तो मार्चमधल्या एका शनिवारी. पियानो, ड्रम आणि डबल बेस. आण्णांनी दांडा टेकवला, डोळे मिटले. अर्धा मिनिट काहीच नाही. मग त्यांची मान हलायला लागली.

"हे चालायलंय," ते म्हणाले. "माय, हे चालायलंय! कोण हाय हा?"

मला ते लहानपणापासून माय म्हणतात. पण इतक्या मोठ्यानं कित्येक महिन्यांत म्हणाले नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तो उन्हाळा आमचा सोन्यासारखा गेला. सकाळची शाळा, दुपारी उष्मा, आणि पाच वाजता चहा घेऊन आम्ही दोघं स्पीकरपुढे. यादीतला एकेक अल्बम आम्ही खाली उतरत ऐकला. नावं इंग्रजी, म्हणून आण्णांनी स्वतःची नावं दिली. एकाच्या कव्हरवर टोपी घातलेला माणूस होता, तो टोपीवाला. टोपीवाल्याची बोटं इतकी पळायची की आण्णा म्हणाले, "ह्याला कुणीतरी ग्रीस कमी लावा." एक अल्बम कुठल्याशा तळघरातल्या हॉटेलात वाजवलेला होता. मला त्यात मागे ग्लासांची किणकिण ऐकू यायची, आण्णांना बेस आणि नुसता बेस. एकात गज घेऊन वाजवलं होतं, लांबलचक, रडकं. ते आण्णांनी दोन मिनिटं ऐकून दांडा काढला, दुसऱ्या दिवशी आपण होऊन परत मागितलं, आणि मग महिनाभर त्यांना तेच हवं होतं. एकात फक्त पियानो आणि बेस, दोघंच. एक बोलतो, दुसरा हुंकार देतो. मला तो सगळ्यात आवडला. रेडिओवरच्या भावगीतांपलीकडे न गेलेली मी पोळ्या लाटताना बेसची चाल गुणगुणायला लागले, आणि शेजारच्या वहिनी विचारायच्या, घसा बसलाय का?

आणि आण्णा बोलायला लागले. हा माणूस डाव्या हाताची करंगळी वापरत नाही. हा थकलाय, शेवटच्या गाण्यात मागे पडतो. ह्याची एक तार सैल आहे. मी मंचावर जाऊन शोधायचे, तर दोनदा तरी त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. इथपर्यंत मला काहीच नवल वाटलं नाही. ज्याला शाफ्ट कळतो त्याला तार कळणारच.

आता मूळ गोष्ट. जूनमध्ये आम्ही एका अल्बमवर पोचलो. त्याचं खरं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे जण तो लावून आपापले तर्क काढत बसतील. कव्हरवर एक रिकामी खुर्ची होती, म्हणून आमच्यासाठी तो खुर्चीवाला. त्यात दुसरं वाद्यच नाही. एकटा माणूस, एकटा डबल बेस. शेवटची चीज चार मिनिटांची आहे, आणि तिच्या शेवटी आवाज हळूहळू कमी करत नेलाय, जुन्या रेकॉर्डिंगमध्ये करायचे तसा.

चीज संपली. मी कपबशा उचलल्या. आण्णा दांडा टेकवून तसेच बसलेले. डोळे मिटलेले, बोट गुडघ्यावर ठेका धरतंय. मी खांद्याला हात लावला तर त्यांनी हात वर करून थांब म्हणून खूण केली. बऱ्याच वेळानं दांडा उचलला आणि आणखी चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दांडा खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुला ते फुडचं ऐकू येत न्हाई का?"

बहिरा माणूस मला विचारत होता!

मी पाटीवर लिहिलं, "पुढचं काय?"

"हा गडी थांबत न्हाई. आवाज बारीक होतो, पर हा वाजवायलाच हाय. मंग मधीच थांबतो. लाकडावर दोनदा ठोकतो, ठक, ठक. कोणतरी कायतरी बोलतं, ते कळंना. मंग तीच चाल परत घेतो, पर लय सावकाश. अन् शेवटी एक तार सोडून देतो. ती मरंस्तोवर हात लावत न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "मी तीन दिवस ऐकलं. मंगच सांगायलोय."

मी विज्ञानाची बाई. मला वाटलं, स्पीकरच्या खोक्यात काहीतरी घुमत राहत असेल. मी स्वतः दांडा कानामागे लावून बसले. काही नाही. मोबाईलमध्ये आवाजाची रेघ काढून दाखवणारं एक ॲप घेतलं. चार मिनिटांनंतर रेघ सरळ, आणि लगेच फाईलच संपते. मग मी दुसऱ्या अल्बममधली चीज लावून मधेच बंद केली. आण्णांनी तत्काळ दांडा उचलला, "बंद कामून केलंस?" दहा वेळा वेगवेगळ्या चिजांवर करून पाहिलं, दहाही वेळा त्यांना अचूक कळलं. फक्त खुर्चीवाल्याच्या शेवटच्या चिजेनंतर ते ऐकत राहायचे. घड्याळ लावलं. दर वेळी जवळजवळ तीन मिनिटं, चारदोन सेकंदांचा फरक.

एकदा मी मोबाईल समोर ठेवून त्यांचा व्हिडिओ काढला. त्या तीन मिनिटांत ते गुडघ्यावर ठेका धरतात आणि घशातून खर्जात गुणगुणतात, बहिरी माणसं गुणगुणतात तसं, कसंतरीच. मधे थांबतात. दांड्यावर नखानं दोनदा ठोकतात. पुन्हा सावकाश सुरू करतात. व्हिडिओवर तारीख आहे, जूनचा शेवटचा आठवडा. हे लक्षात ठेवा.

त्यानंतर तीनचार दिवसांनी ती गोष्ट झाली जिच्यामुळे मी हबकले. खुर्चीवाला वाजत होता. शेवटची चीज अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. आमच्याकडे जाते तशी, न सांगता. स्पीकर मेला. मोबाईल मी हातात घेतला आणि बंदच करून टाकला. आण्णांचे डोळे मिटलेले. ते थांबले नाहीत. बोट गुडघ्यावर चालूच. उरलेली दोन मिनिटं, मग ती पुढची तीन मिनिटं. दांड्यावर दोन ठोके. शेवटची तार. मेलेल्या स्पीकरवर दांडा टेकवून माझा बाप मान डोलावत होता, आणि खोलीत रस्त्यावरच्या रिक्षाशिवाय कसलाही आवाज नव्हता.

मग त्यांनी डोळे उघडले, कपाळाचा घाम पुसला आणि वर बघून म्हणाले, "फ्यान कामून बंद हाय?"

मी घाबरले. भुताची भीती नव्हती ती. माझ्या मनात एकच आलं, आण्णांचं डोकं फिरायला लागलंय.

सुधीरला फोन केला. त्यानं पाच मिनिटांत इंटरनेटवर शोधून काढलं. "ताई, ऐकू न येणाऱ्या लोकांना असं होतं. मेंदू आवाज तयार करतो. भ्रम आहे तो. आज गाणं ऐकतायत, उद्या कोणीतरी हाक मारतंय म्हणून रुळावर जातील. तू शाळेत असतेस. काही झालं तर?" घर स्टेशनपासून दोन गल्ल्यांवर.

परभणीला मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांचा काही दोष नाही, हे मला स्पष्ट लिहायचंय. त्या शांतपणे म्हणाल्या, असे भास होतात, याला वेड म्हणत नाहीत, त्यांना त्रास होत नसेल तर राहू द्या. पण त्रास आम्हाला होत होता. सुधीर फोनवरून औषधाचा आग्रह धरून बसला, मीही धरला. तेव्हा त्यांनी हलकी गोळी लिहून दिली आणि काही दिवस ते ऐकणं थांबवून बघा म्हणाल्या.

घरी आल्यावर मी पाटीवर लिहिलं, "डॉक्टर म्हणतात, तो पुढचा आवाज खरा नाही. भास आहे."

आण्णांनी वाचलं. "भास?"

मी होकारार्थी मान हलवली.

"डॉक्टर तर म्हणणारच. तू काय म्हणतीस?"

मी लिहिलं, "मी पण तेच म्हणते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाटी हातातून घेतली, आपल्या बाहीनं पुसून कोरी केली, आणि गोळीसाठी हात पुढे केला. वाद नाही, चिडणं नाही. मला तेव्हा हायसं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटते.

स्पीकर मंडपवाल्याला परत गेला. दांडा मी कपाटावर डब्यांच्या मागे ठेवून दिला. आण्णांनी एकदाही मागितला नाही. गोळीनं त्यांना गुंगी यायची. पुन्हा भाकरी, ताट, भिंत. पावसाळा गेला, दसरा गेला. दिवाळीत सुधीर आला आणि म्हणाला, "बघ, किती शांत झालेत." हो, झाले होते. मालगाडी गेली तरी काही म्हणायचे नाहीत.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली त्या आठवड्यातली गोष्ट. मधल्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये डबा खात होते. त्या परदेशी मंचावरून मोबाईलवर सूचना आली. मी तिकडे जाणं सोडलं होतं, पण सूचना यायच्या. यादीवाल्या गृहस्थानं आनंदानं लिहिलं होतं की खुर्चीवाल्या अल्बमची मूळ टेप सापडली आहे. शेवटची चीज तेव्हा रेकॉर्डवर जागा पुरेना म्हणून आवाज कमी करत अर्ध्यावर तोडली होती. ती आता पहिल्यांदाच अख्खी बाहेर आली आहे. सात मिनिटं.

मी हेडफोन लावला.

चार मिनिटं ओळखीची. नेहमी जिथे आवाज बारीक होतो तिथे तो झाला नाही. वाजवणं सुरू राहिलं. मग मधेच थांबलं. आणि लाकडावर कोणीतरी दोनदा ठोकलं. ठक, ठक. लांबून एक माणूस इंग्रजीत काहीतरी पुटपुटला, शब्द मलाही कळले नाहीत. मग तीच चाल, लय सावकाश. आणि शेवटी एक तार, जी मरेपर्यंत कोणी हात लावला नाही.

घंटा झाली. मी तासाला गेले नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवशी घरी येऊन मी जूनचा व्हिडिओ उघडला आणि एका कानात तो, एका कानात टेप, असं लावून बसले. सुरुवातीला आण्णा थोडे मागे आहेत. नंतर थांबायची जागा तीच. दोन ठोक्यांमधलं अंतर तेच. शेवटची तार तीच. टेप बाहेर आली नोव्हेंबरमध्ये. व्हिडिओ जूनचा.

डॉक्टर मॅडमना फोन केला. गोळी एकदम सोडू नका, हळूहळू कमी करा म्हणाल्या. दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. मला आण्णांना पाटीवर लिहून सांगायचं नव्हतं, मला त्यांना ऐकवायचं होतं. शुद्धीवर, टवटवीत असताना. मंडपवाल्याकडून स्पीकर परत आणला, दांडा पुसून हातात दिला. त्यांनी दांड्यावरून हात फिरवला, काही न विचारता टेकवला आणि डोळे मिटले. मी सात मिनिटांची चीज लावली.

ते वाट बघत होते. मी आवाज वाढवला.

"लाव की," ते म्हणाले.

मी आणखी वाढवला. फळीवरचे पेले थरथरायला लागले.

"लाव की, माय."

चार मिनिटं गेली, ती जागा आली, ठक, ठक झालं, सावकाश चाल सुरू झाली. पूर्ण आवाजात. माझ्या छातीत घुमत होतं ते. आणि आण्णा दांडा टेकवून, डोळे मिटून, मी कधी लावते याची वाट बघत बसले होते.

परभणीला आलेख पुन्हा काढला. खालचे आवाजही गेले. वयानं होतं, डॉक्टर म्हणाले, कधी गेले ते सांगता येणार नाही. मी सारखा विचार करते, जुलैत गेले असतील? सप्टेंबरात? त्या पाच महिन्यांत घरात एक सूर वाजला नाही, मग कळणार कुठून?

मी सगळे खुलासे तपासले आहेत. आण्णांनी आधी कुठे ही पूर्ण चीज ऐकली असेल? ती कुठे नव्हतीच, आणि जिनिंगच्या शेडमध्ये तर नक्कीच नव्हती. अंदाज केला असेल? चालीचा करता येईल, लाकडावरच्या दोन ठोक्यांचा कसा करणार? व्हिडिओ बघून मीच जुळवून घेतेय? सुधीरला दोन्ही पाठवलं. त्याचा दोन दिवस फोन आला नाही. मग आला तेव्हा म्हणाला, "ताई, योगायोग असेल गं," आणि त्याला स्वतःलाच ते पटलेलं नव्हतं. मेंदू आवाज तयार करतो हे मला मान्य आहे. पण कित्येक वर्षांपूर्वी दुसऱ्या देशात कापून ठेवलेल्या टेपचा आवाज सेलूतल्या एका फिटरचा मेंदू कसा तयार करेल? आणि त्याच चिजेचा का? बाकी पन्नास अल्बमांचं काही नाही! माझं डोकं इथे येऊन थांबतं. रोज थांबतं.

शेवटी लिहून सांगावंच लागलं. परभणीहून आलो त्या संध्याकाळी मी पाटी घेतली. लिहिलं, "खुर्चीवाल्याचं पुढचं सापडलं. तुम्ही सांगितलं तसंच आहे. ठोके पण. तुम्ही बरोबर होतात."

आण्णांनी दोनदा वाचलं. मला वाटलं हसतील, खूश होतील, किमान मला दोन शब्द सुनावतील. त्यांनी विचारलं, "म्हंजे मला येड लागलं न्हवतं?"

मी जोरजोरात मान हलवली, नाही म्हणून.

"तुला वाटलं व्हतं?"

खोटं लिहायचं मनात आलं. लिहिलं, "हो."

त्यांनी त्या एका अक्षरावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मला बी वाटलं. आधी न्हवतं वाटलं. तीन दिवस ऐकलं व्हतं मी. पर तू म्हणलीस, तेव्हा मी म्हणलं, माझी माय शिकलेली हाय, ती म्हणती तर न्हाईच वाजायलं ते." पाटी माझ्या मांडीवर ठेवली. "मंग एकेक दिवशी ते आपोआप ऐकू यायचं, स्पीकर नसताना. तर मी ऐकायचोच न्हाई. डोस्कं दुसरीकडं न्यायचो. असं करता करता गेलं ते."

मग ते उठून हातपाय धुवायला गेले. मी तिथेच बसून रडले, मोठ्यानं, कारण लपवायची गरज नव्हती.

खुलासा माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर पाठवा, मी आण्णांना तो वाचायला देईन. आता त्यांना सगळं लिहूनच द्यावं लागतं.